घोयऱ्याच्या रंगातली वजाबाकी

तान्ह्या पोळ्याची संध्याकाळ होती. नागपूरच्या नंदनवनातल्या आमच्या गल्लीत पोरं लाकडी बैल ओढत दारोदार बोजारा, म्हणजे खाऊचे पैसे, मागत फिरत होती. बारावीतला माझा भाचा, आता बैल ओढायची लाज वाटते म्हणून, पायरीवर मोबाईल घेऊन बसला होता. मध्येच त्यानं स्क्रीन माझ्यापुढे धरला. परदेशात कुणीतरी पाळलेला शॅमेलिऑन फांदीवरून डुलत डुलत चालला होता. अंग हिरवंगार, पण मानेवर आणि बरगडीवर गुलाबी-पांढरी ठिगळं. पुढचा एक पाय तर पार फिका, मागून उजेड आला की आरपार दिसेल असा.

"मामा, हे खरं आहे का जी? का एआयनं बनवलं?"

खरं आहे म्हणालो. त्यावर त्यानं जो प्रश्न विचारला, तो वीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवूनही मला वर्गात कुणी विचारला नव्हता. "पण हा तर रंग बदलते ना? मग हे पांढरं ठिगळ तो हिरवं काऊन नाही करत?"

उत्तर एका वाक्यात देता येतं: त्या जागी बदलायला काही उरलेलंच नाही. पण ते पटायला आधी हिरवा रंग कशानं होतो ते बघावं लागतं.

सुरुवातीला नावाचा घोळ मिटवू. आपण 'सरडा' म्हणतो तो बहुतेक वेळा कुंपणावरचा, पावसाच्या तोंडावर डोकं-गळा लाल करून दंड काढणारा बागेतला सरडा. 'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' ती याची. शॅमेलिऑन हे वेगळं कूळ. त्या कुळातला भारतात राहणारा म्हणजे घोयरा. डोळे दोन दिशांना फिरवणारा, चिमट्यासारख्या पायांनी फांदी धरणारा, शेपटीची गुंडाळी करणारा, आणि पाऊल टाकण्याआधी दहादा विचार करतोय असं वाटावं इतका संथ. आपल्याकडे त्याला विषारी समजून दगड मारतात. विष वगैरे त्याच्याकडे काही नाही. व्हिडिओतला प्राणी मात्र येमेन आणि सौदी अरेबियाच्या डोंगराळ भागातला व्हेल्ड शॅमेलिऑन, डोक्यावर उंच तुरा असलेला. पिंजऱ्यात सहज रुळतो, एका वेळी वीस ते सत्तर अंडी घालतो, त्यामुळे अमेरिका-युरोपात तो पिढ्यान्‌पिढ्या पाळला जातो. विचित्र रंगांचे बहुतेक नमुने याच्यातच निघाले, कारण एवढी अंडी उबवली की हजारात एक घडणारी गोष्ट कधीतरी घडतेच.

आता हिरवा रंग. भाच्याला मी तर्री-पोह्याची प्लेट आठवायला सांगितली. वरून तर्री, खाली पिवळे पोहे, त्याखाली स्टीलची चकचकीत ताटली. डोळ्याला दिसतो तो या सगळ्यांचा मिळून एक रंग. शॅमेलिऑनची कातडी अशीच थरांची आहे. सगळ्यात वर पिवळ्या आणि लाल रंगद्रव्याच्या पेशी. त्याखाली इरिडोफोर नावाच्या पेशी, ज्यांच्यात रंगद्रव्य नसतंच. त्यांच्यात असतात ग्वानिन या पदार्थाचे अतिसूक्ष्म स्फटिक, रांगेत रचलेले. उजेड त्यांच्यावर आपटून परततो, आणि दोन स्फटिकांत अंतर किती यावर कोणता रंग परतणार हे ठरतं. सगळ्यात खाली मेलॅनिनच्या काळ्या पेशी. या झाडासारख्या असतात: बुंधा खाली, फांद्या वरच्या थरांपर्यंत पोचलेल्या. मेलॅनिन बुंध्यात गोळा झालं की प्राणी उजळ दिसतो. फांद्यांत पसरलं की काळवंडतो.

म्हणजे निवांत बसलेल्या शॅमेलिऑनच्या हिरव्या अंगात हिरवा रंग कुठेच नाही. स्फटिकांनी परतवलेला निळा उजेड, त्यावर पिवळ्या द्रव्याची चाळणी, की झाला हिरवा. हे नीट उलगडलं 2015 साली, जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनवर केलेल्या कामात. नर चिडला किंवा मादी दिसली, की त्याच्या कातडीतल्या स्फटिकांमधलं अंतर वाढतं आणि निळ्याऐवजी पिवळा, मग नारिंगी उजेड परतू लागतो. अंग हिरव्याचं पिवळं होतं ते असं. त्याच कामात त्यांना खाली इरिडोफोरचा आणखी एक थर सापडला. त्यातले स्फटिक मोठे आणि अस्ताव्यस्त, आणि ते उन्हातले तापवणारे अवरक्त किरण परतवतात. मे महिन्यात 45 अंशांत डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळून सीताबर्डीला जाणाऱ्यांना या थराचा उपयोग वेगळा समजावून सांगायला नको.

जाता जाता एक गैरसमज. शॅमेलिऑन ज्या रंगावर बसतो तो रंग घेतो, हे खरं नाही. त्याचा रंग बदलतो तो मनःस्थितीनं, तापमानानं, आणि समोर प्रतिस्पर्धी आहे की मादी यावरून. सकाळी थंडीत अंग काळं करून तो ऊन पितो, हरलेला नर काळपट, मळकट होतो. राजकारण्यांना सरड्याची उपमा देणाऱ्यांनी ती थोडी तपासून घ्यायला हरकत नाही.

आता ठिगळाकडे येऊ. पाळीव प्राण्यांत जे 'नवे', 'दुर्मिळ' आणि महाग रंग दिसतात, त्यांतले बहुसंख्य वजाबाकीतून आलेले असतात. थरांतला एखादा थर गेला, किंवा त्यात द्रव्य बनेना, की उरलेले थर नव्यानं दिसू लागतात. याचा सगळ्यात सोपा पुरावा आपल्याच बाजारात पिंजऱ्यांतून लटकलेला असतो. लव्हबर्ड म्हणून आपण जे छोटे पोपट आणतो ते बहुधा ऑस्ट्रेलियाचे बजरीगर. रानातला बजरीगर हिरवा, आणि त्याचा हिरवाही तसाच, निळ्यावर पिवळा. पिवळं द्रव्य बनलं नाही की पक्षी निळा जन्मतो. काळं मेलॅनिन गेलं की पिवळाधमक. दोन्ही गेलं की पांढरा. निळ्या बजरीगरचं कारण 2017 मध्ये सापडलं: पिवळं द्रव्य बनवणाऱ्या एका जनुकातली एका ठिकाणची चूक. कुठलाही निळा रंग वरून ओतलेला नाही. तो होताच, पिवळ्याखाली झाकलेला.

व्हेल्ड शॅमेलिऑनचं ठिगळ याच्या एक पायरी पुढचं आहे. इथे द्रव्य बनत नाही असं नाही, त्या जागी रंगपेशीच पोचलेल्या नसतात. पाळणारे अशांना 'ट्रान्सलुसंट' किंवा 'पायबॉल्ड' म्हणतात. आपल्याकडे याला जुना आणि नेमका शब्द आहे: बांडा. बांडा बैल, बांडी गाय. विदर्भाची आपली गवळाऊ जात पांढरी, पण बाजारात बांडी जनावरं पुष्कळ दिसतात. त्यांच्या अंगावर पांढरं कुठे असतं ते आठवा: कपाळाचा टिळा, पोट, पायांची टोकं, शेपटीचा गोंडा. घोड्यात, कुत्र्यात, मांजरीत, बांडेपणा असेल तर बहुधा त्याच जागा. या सगळ्यांची मिळून एक कटकारस्थानाची बैठक झाली होती की काय असं वाटावं, इतकं हे सारखं असतं.

कारण गर्भात आहे. काळ्या असोत, पिवळ्या असोत की स्फटिकांच्या असोत, सगळ्या रंगपेशींचं माहेर एकच: गर्भाच्या पाठीवर, मज्जारज्जू जिथे घडतो त्याच्या कडेला. तिथून त्या दोन्ही अंगांनी खाली पोटाकडे, पुढे कपाळाकडे, पायांत, शेपटीत चालत जातात आणि वाटेत आपली संख्या वाढवत जातात. पाठीला रंग सगळ्यात आधी पोचतो, पोट आणि टोकं सगळ्यात शेवटी. एखाद्या जनुकातल्या दोषामुळे पेशी कमी निघाल्या, हळू चालल्या किंवा वाटेत मेल्या, तर शेवटची गावं कोरडी राहतात. पेंचच्या कालव्याचं पाणी टेलपर्यंत पोचत नाही म्हणून शेतकरी ओरडतो, तसंच. माणसातही असा जन्मजात बांडेपणा असतो. कपाळावर पांढऱ्या केसांची बट, पोटावर पांढरा पट्टा. त्याच्या पुष्कळ घराण्यांत दोष किट नावाच्या एका जनुकात सापडतो. कोड वेगळं. कोडात पेशी पोचलेल्या असतात आणि नंतर जातात.

गाय बांडी असली तर तिथे केस पांढरे दिसतात, आणि गोष्ट तिथेच संपते. शॅमेलिऑनच्या अंगावर केस नाहीत. रंगपेशी नसलेली त्याची कातडी म्हणजे नुसता पातळ पापुद्रा, आणि खालच्या रक्ताचा गुलाबीपणा त्यातून वर येतो. म्हणून ते ठिगळ निव्वळ पांढरं न दिसता ओल्या कांद्याच्या पाकळीसारखं दिसतं. तिथे निळा परतवणारे स्फटिक नाहीत, चाळणी करणारं पिवळं नाही, काळवंडायला मेलॅनिन नाही. प्राणी चिडला, घाबरला, थंडावला तरी बाकीचं अंग बदलेल, ठिगळ तसंच. भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर हे.

आता हा गुण पुढे कसा उतरतो? 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' ही म्हण रचणाऱ्याला अर्धी आनुवंशिकी माहीत होती. वाण, म्हणजे रंग, संगतीनं लागत नाही. तो आईबापाकडूनच येतो. पण तो येतो कसा, यात गंमत आहे, कारण पुष्कळदा आईबापांच्या अंगावर तो दिसतच नाही.

समजा एक रंग-दोष अप्रभावी आहे, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या तरच तो दिसतो. एक प्रत चांगली, एक बिघडलेली, असा प्राणी दिसायला अगदी साधा, पण दोष पोटात घेऊन फिरणारा. पाळणाऱ्यांच्या भाषेत तो 'हेट'. दोन हेट एकत्र आले की पिल्लांपैकी सरासरी चौथा हिस्सा रंगीत, म्हणजे तो दोष अंगावर दिसणारा, निघतो, अर्धी हेट, आणि चौथा हिस्सा दोषापासून पूर्ण मोकळा. घोळ असा की हेट आणि मोकळा दिसायला सारखेच. साध्या दिसणाऱ्या पिल्लांत तीनातली दोन हेट असतात, पण ती दोन कोणती हे अंगावर लिहिलेलं नसतं. म्हणून जाहिरातीत '66 टक्के हेट' असं छापतात. हे वाचून काही लोकांना वाटतं की त्या प्राण्यात 66 टक्के जनुक आहे. तसं काही नसतं. तो एकतर हेट आहे किंवा नाही. 66 टक्के ही आपल्या अज्ञानाची मोजणी आहे, आणि गिऱ्हाईक तिचेही पैसे मोजतं.

अज्ञान कमी करायचा रस्ता आहे, फक्त वेळ लागतो. ती संशयित मादी रंगीत नराशी जुळवायची. ती खरंच हेट असेल तर प्रत्येक पिल्लू रंगीत निघण्याची शक्यता निम्मी, नाणं उडवावं तशी. दहा पिल्लं निघाली आणि दहाही साधी, तर हेट असूनही असं घडण्याची शक्यता 1024 मध्ये एक. मग निःशंक म्हणावं, ती हेट नाही. कागदावर हे दोन ओळींत होतं. प्रत्यक्षात व्हेल्ड शॅमेलिऑनची अंडी फुटायला सहा ते नऊ महिने लागतात. तोवर इथे बारावीच्या पोराची पूर्वपरीक्षाही होऊन जाते.

आणि एवढं थांबूनही हिशेब चुकू शकतो, कारण शॅमेलिऑनच्या मादीला एक विद्या अवगत आहे. ती नराचं वीर्य शरीरात साठवून ठेवते आणि एकाच मीलनावर, पुन्हा नराचं तोंडही न बघता, अंड्यांच्या दोनतीन खेपा घालू शकते. मार्चमध्ये एका नराशी जुळवली, ऑगस्टमध्ये दुसऱ्याशी, तर ऑगस्टनंतरच्या अंड्यांचा बाप कोण? वहीत एक, अंड्यात दुसरा. एखादा नवाच गुण आपण घडवला असं कुणी छातीठोक सांगू लागलं, की मी आधी विचारतो: ही मादी यापूर्वी कुणाबरोबर ठेवली होती? पिल्लापासून एकटी वाढवलेली मादी नसेल तर त्या वंशावळीवर माझा फारसा भरवसा बसत नाही.

पँथर शॅमेलिऑनची गोष्ट सर्वस्वी निराळी आहे, आणि तिथे वजाबाकीचा हा नियम चालत नाही. मादागास्करच्या उत्तर आणि पूर्व किनाऱ्यावर प्रत्येक टापूतला नर वेगळ्या रंगाचा. नोसी बे बेटावरचा निळसर हिरवा, अंबिलोबेकडचा लाल-निळ्या पट्ट्यांचा, तामातावेकडचा लालसर. हे एका जनुकाच्या चुकीचं काम नाही. असंख्य पिढ्या वेगळं राहून अनेक जनुकांनी मिळून घडवलेला हा रंग आहे. 2015 मध्येच जिनिव्हाच्या त्याच गटानं मादागास्करच्या सहकाऱ्यांबरोबर 324 जनावरांच्या रक्ताचा थेंब थेंब तपासला आणि निष्कर्ष काढला की ज्याला आपण एकच जात म्हणतो त्यात अकरा वेगळ्या जाती मानाव्या लागतील. पिंजऱ्यात मात्र लोक दोन टापूंचे प्राणी एकत्र करून 'नवा रंग' काढतात. पहिल्या पिढीत तो खुलूनही दिसतो. पण अनेक जनुकांचा गुण असल्यामुळे पुढच्या पिढीत पत्त्यांचा कॅट पिसल्यासारखा सगळा विखुरतो. त्यात माद्या सगळीकडच्या जवळपास सारख्याच, पिवळट-तपकिरी किंवा फिक्या नारिंगी. तिच्या अंगावरून ती कुठली, तिच्या पोटात कोणत्या नराचे रंग दडलेत, हे कळायला मार्ग नाही. विकणारा सांगेल ते गाव.

प्रत्येक फिका डाग जनुकाचाच असतो असंही नाही. दिव्याच्या फार जवळ बसून भाजलेल्या जागी रंगपेशी परत येत नाहीत आणि डाग कायमचा राहतो. बुरशीच्या रोगानं डाग पडतात, कात टाकताना तर सगळेच फिके दिसतात. अंड्यात अगदी सुरुवातीला एखाद्याच पेशीत बिघाड झाला तर अंगाच्या एका बाजूवर ठिगळ उमटतं, पण अंडाशयात किंवा वृषणात तो बिघाड नसल्यामुळे पिल्लांत काहीच उतरत नाही. फोटो पाहून यातलं काय आहे ते सांगणाऱ्याचं मला कौतुक वाटतं. मी सांगू शकत नाही.

वजाबाकीची किंमतही असते. शॅमेलिऑनच्या दूरच्या नात्यातल्या लेपर्ड गेको या पालीमध्ये 'लेमन फ्रॉस्ट' नावाचा एक देखणा रंग निघाला: पांढरट अंग, लिंबासारखी झळाळी. इथे अपवादानं वजाबाकी नव्हती, बेरीज होती. इरिडोफोर पेशी गरजेपेक्षा जास्त झाल्या होत्या. वर्षभरात पाळणाऱ्यांच्या लक्षात आलं की या प्राण्यांच्या पोटावर पांढऱ्या गाठी येतात. 2021 मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याचं मूळ स्पिंट1 या जनुकाजवळ असल्याचं दाखवलं. हा रंग असलेल्यांपैकी 80 टक्क्यांहून जास्त प्राण्यांना त्या पेशींच्याच गाठी होतात. ज्यानं रंग दिला त्यानंच रोग दिला. बॉल पायथन या पाळीव अजगरातल्या 'स्पायडर' नक्षीचंही असंच: नक्षी सुरेख, पण सापाची मान थरथरते, त्याला तोल सांभाळता येत नाही. रंगपेशींचं गर्भाच्या पाठीवरचं जे माहेर वर सांगितलं, तेच मज्जासंस्थेच्या पुष्कळ पेशींचंही. आतल्या कानातही मेलॅनिनवाल्या पेशी लागतात, म्हणून काही पांढरी कुत्री आणि मांजरं बहिरी जन्मतात. रंग ही काही भिंतीवरच्या डिस्टेंपरसारखी वेगळी काढता येणारी वस्तू नाही.

भाचा एव्हाना मोबाईल खाली ठेवून ऐकत होता, निदान तसं दाखवत होता. मी त्याला त्याच्या उपयोगाचं एक सांगितलं. 2022 मध्ये अमेरिकेतल्या ईस्टर्न मिशिगन विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या वर्गानं बॉल पायथनच्या तीन फिक्या रंगांची जनुकं शोधली, आणि त्यासाठी एकाही सापाला सुई टोचली नाही. पाळणाऱ्यांनी पोस्टानं पाठवलेल्या कातीतून डीएनए काढला. तीनही जनुकं माणसातल्या सूर्यमुखी, म्हणजे जन्मतः रंगद्रव्य नसलेल्या, लोकांमध्ये बिघडतात तीच निघाली. आपल्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत फ्रीज चालू असता तर असलं काही आपणही केलं असतं, असं म्हणायचं मोठ्या कष्टानं टाळलं. आता लिहून टाकलं.

"मग हा बांडा इकडे विकत मिळते का, मामा?"

हा प्रश्न येणारच होता. घोयरा पाळणं, पकडणं, विकणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, साधा असो की बांडा. परदेशी शॅमेलिऑन साइटिस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत. कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनंतर आणि 2024 च्या नियमांनंतर असे प्राणी ज्याच्याकडे आहेत त्याला सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते, पिल्लं झाली, मेली, दुसऱ्याला दिली, तरी कळवावं लागतं. 'पेपर आहेत ना भाऊ' म्हणून कुणी पिशवीतून काढून दिला तर तो पेपर वाचून बघावा. शिवाय डोंगरातल्या थंड रात्रींची सवय असलेल्या प्राण्याला आपल्या मे महिन्यात जगवायचं तर एसीचं बिल त्याच्या नावावर येतं.

तो थोडा हिरमुसला. मग फाटकापाशी शेजारच्या पोरीचा लाकडी बैल आला, पांढरा, कपाळावर आणि चारही खुरांवर तांबड्या रंगाचे ठिपके. भाच्यानं तो उचलून उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "याचं उलटं आहे. रंग टोकालाच पोचला, पाठ कोरडी." पोरीनं बैल हिसकावून घेतला आणि माझ्यापुढे हात पसरला. वीस रुपये दिले.